पहिल्या तोड्याची वांगी

गजेंद्रनं फाटक बसवलं ते आषाढात, तेही मनकर्णाबाई वावरात असताना. सकाळी ती भाकरीचं फडकं घेऊन आत गेली तेव्हा रस्त्याच्या कडेनं नुसते लोखंडी खांब रोवलेले होते. रोवणाऱ्याचं वावर, रोवणाऱ्याचे खांब, आपलं काय जातं, म्हणून तिनं तिकडं धड पाहिलंही नाही. तिसऱ्या प्रहरी भेंडीचं ओझं घेऊन परतली तर खांबांना तारेची जाळी आली होती, जाळीत फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं आणि कुलपापलीकडं गजेंद्र मोटरसायकलवर आडवा बसून मोबाइल पाहत होता. त्यानं कुलूप काढलं, तिला बाहेर येऊ दिलं, पुन्हा लावलं आणि सांगितलं, की काकू, आजचं जाऊ द्या, उद्यापासून तुमी तुमची सोय पाहा.

मनकर्णाबाईनं ओझं उतरवलं नाही. डोक्यावर वीस किलो भेंडी तशीच ठेवून ती म्हणाली, "सोय पाहायले मी काय पाहुनी आली व्हती का रे तुह्या घरी? तू पाळण्यात मुतत व्हता तवापासून या वाटेनं जाते मी."

गजेंद्र हसला. हसणं थेट आईवर गेलेलं, ओठ न उघडता. ते पाहिलं आणि मनकर्णाबाईला कळलं, की कुलूप याचं असलं तरी अक्कल आवडाबाईची आहे.

शेलूबाजारकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून आवडाबाईचं सात एकर, आणि त्याच्या पाठीशी मनकर्णाबाईचं चार एकर. मधून आवडाबाईच्या वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, दोनशे पावलांची वाट, बैलगाडी जाईल एवढी रुंद. मनकर्णाबाईच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं, ते चार एकर घेतलं त्या सालापासून त्यांची गाडी त्या वाटेनं गेली. पुढं बैल विकले आणि माळव्याचा ऑटो जाऊ लागला. एकतीस वर्षं झाली. इंद्रभान गेला, आवडाबाईचा भगवंतरावही गेला, वाट होती तिथंच राहिली. मग रस्ता रुंद झाला, रस्त्याकडेच्या मातीला भाव आला आणि गजेंद्रला तिथं गोदाम बांधायचं सुचलं. गोदामाच्या बाजूनं माळ्याचा ऑटो धूळ उडवत जावा हे काही त्याला शोभून दिसेना.

दुसरी वाट म्हणजे नाला. पाऊण कोसाचा वळसा, पावसाळाभर गुडघ्याएवढं पाणी आणि खाली शेवाळलेले गोटे. ऑटो रस्त्यावरच्या पुलाशी उभा राहायचा, आणि मनकर्णाबाई, तिचा मुलगा विकास आणि सून योगिनी, तिघं डोक्यावरून माल पुलापर्यंत वाहायचे. माळवं काही कोणासाठी थांबत नाही. भेंडी एक दिवस उशिरा तोडली की लाकूड होते, आणि नाल्यातून नेलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात पोचेस्तोवर मान टाकतो. श्रावणात तिनं सांबार पेरणंच सोडून दिलं. त्याच श्रावणात योगिनी गोट्यावरून घसरली, टमाट्याचं कॅरेट पाण्यात गेलं आणि तिचा पाय महिनाभर बांधून ठेवावा लागला. वाट मिळाली नाही तर हे चार एकर सोयाबीन पेरून सोडून द्यावं लागणार, हे आता तिघांनाही कळत होतं. सोयाबीन पेरायला रोज वावरात जावं लागत नाही. पण मनकर्णाबाईनं नुसतं सोयाबीन पेरणाऱ्याला शेतकरी कधी म्हटलं नव्हतं, घरात कोणी म्हणून दाखवलं तर त्याला जेवायला वाढलं नव्हतं.

विकासचं म्हणणं, की एकदा आवडाकाकूकडं जाऊन बोलावं, हात जोडावे, बाई काही दगड नाही.

"हात जोडायचे असतील तर माह्या मयतीत जोड," मनकर्णाबाईनं सांगितलं. "तवा लोकं म्हनतीन, पोरगा चांगल्या वळनाचा हाये."

दोघी एकाच साली या गावात नांदायला आल्या. आवडाबाई पाटलाच्या घरात, मनकर्णाबाई माळ्याच्या. आवडाबाई चौथी शिकलेली, मनकर्णाबाई दुसरी, आणि त्या दोन इयत्तांचा तोरा आवडाबाईनं अजून उतरवला नव्हता. बचत गटात मनकर्णाबाई सही करायला लागली की ही बाजूच्या बाईला मोठ्यानं सांगायची, की थांबा, मनकर्णा अक्षरं रोवून राह्यली. त्यावर मनकर्णाबाईनंही भर गटात सांगून ठेवलं होतं, की रोवते म्हणून उगवते, नुसती वाचून काही उगवत नाही. एकमेकींच्या घरी लग्नकार्याला गेल्या, मयतीला गेल्या, आणि परत येताना दोघीही नावं ठेवायला काहीतरी सोबत घेऊन आल्या.

विकास मंगरुळपीरला जाऊन वकिलाला भेटला, वहिवाटीचा रस्ता अडवला म्हणून तहसीलदाराकडं अर्ज केला. वकील म्हातारा होता आणि सरळ बोलायचा. त्यानं सांगितलं, की रस्ता कोणाचा हा सवाल नाही, जमीन पाटलाचीच आहे. सवाल एवढाच, की तुम्ही गेलात ते हक्कानं गेलात का परवानगीनं. उघडपणे, वर्षानुवर्षं, कोणाला न विचारता गेलात तर तो हक्क झाला. पण त्यांच्या परवानगीनं शंभर वर्षं गेलात तरी ती परवानगीच. देणाऱ्यानं हात मागं घेतला की संपली. मग त्यानं विचारलं, की वाटेच्या बदल्यात कधी काही दिलं का.

विकासनं वांग्यांचं सांगितलं. दर साली वांग्याचा पहिला तोडा निघाला, की आई त्यातली निवडक वांगी टोपलीत घालून आवडाकाकूच्या घरी नेऊन द्यायची.

वकिलानं चष्मा काढला. "हे तिथं बोलूच नका," तो म्हणाला. "तुमच्या आईलाही सांगा. वांगी हा शब्द काढायचा नाही. ते लगेच म्हणतील, हा वाटेचा मोबदला होता, म्हणजे परवानगी होती."

मनकर्णाबाईनं हे ऐकलं आणि ती चिडली. दिलं ते का लपवायचं, चोरी केली का. विकासनं वावर, सोयाबीन, योगिनीचा बांधलेला पाय, सगळं पुन्हा एकदा तिच्यापुढं मांडलं. शेवटी तिनं कबूल केलं, की नाही बोलत. आणि तिनं एकदा नाही म्हटलं की ते नाहीच असायचं, हे गावाला माहीत होतं.

भादव्याच्या शेवटी तहसीलदार मॅडम स्वतः जागा पाहायला आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पायात बूट, सोबत तलाठी आणि लिहून घ्यायला कारकून. त्या दिवसापुरतं फाटक उघडं होतं. मॅडम वाटेनं पायी चालत मागच्या वावरापर्यंत आल्या, चाकोरी पाहिली, मोजायला लावली. मग मनकर्णाबाईच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली सगळे थांबले. आवडाबाईसाठी घरून प्लास्टिकची खुर्ची आणलेली होती. तिनं ती मॅडमला देऊ केली, मॅडम उभ्याच राहिल्या, मग ती स्वतःच बसली. मनकर्णाबाई धुऱ्यावर टेकली. कोणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की खुर्ची दुसऱ्याच्या वावरात न्यावी लागते, आपल्या मातीवर ती लागत नाही.

सुरुवातीला सगळं सरळ झालं. मॅडमनी विचारलं, किती वर्षं जाता. मनकर्णाबाईनं सांगितलं, एकतीस. कोणाला विचारून जात होता का. तिनं सांगितलं, की आमी वाट पाहून गेलो, तोंड पाहून नाही गेलो. कारकुनानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि मग साधं करून लिहिलं. रामराव म्हणून गावचे जुने पोलीस पाटील, पंचाहत्तरी ओलांडलेले, साक्षीला होते. त्यांनी सांगितलं, की इंद्रभानची बैलगाडी याच वाटेनं जाताना मी या डोळ्यानं पाहिली, आणि कोणी कधी अडवली नाही. गजेंद्रनं सांगितलं, की आमच्या बाबांनी दया म्हणून जाऊ दिलं. मॅडमनी कागद मागितला. कागद नव्हता. साक्षीदार मागितला. तोही नव्हता. गजेंद्र उगीच तलाठ्याकडं पाहू लागला, आणि तलाठी कडुनिंबाकडं.

विकासच्या चेहऱ्यावर आषाढापासून पहिल्यांदा रंग आला.

मॅडमनी आवडाबाईला विचारलं, की तुम्हाला काही सांगायचं आहे का. विचारायचं म्हणून विचारलं, पेनाचं टोपण त्या लावतच होत्या.

"मी म्हातारी काय सांगू," आवडाबाई म्हणाली. पदर सारखा केला. "एकतीस वर्षं फुकट चालली बाई माह्या मातीतून. एक पान कधी कोनाच्या हातावर ठेवलं नाही. आमीबी कधी काही म्हटलं नाही. गरिबाले काय मागा."

गजेंद्रनं झटकन आईकडं पाहिलं. त्यालाही त्याच्या वकिलानं काहीतरी शिकवलं असणार, कारण त्याचा चेहरा उतरला. फुकट गेली, कधी काही दिलं नाही, आम्ही काही म्हटलं नाही: मंगरुळपीरच्या वकिलाला जे पाहिजे होतं ते सगळं समोरच्या बाईनं आपल्या तोंडानं सांगून टाकलं होतं. मॅडमनी टोपण पुन्हा काढलं आणि कारकुनाला म्हणाल्या, की हे लिहून घ्या. विकासनं आईकडं पाहिलं. मनकर्णाबाईनं आता फक्त गप्प बसायचं होतं.

ती बसलीही. धुऱ्यावरचं गवत मुठीत धरून बसली. कारकुनाचं पेन चाललं होतं, आणि फुकट हा शब्द कागदावर जाताना तिला दिसत होता. तो तिथं राहणार होता. ती मेल्यावरही राहणार होता, सरकारी शिक्क्याखाली, की मनकर्णा फुकट चालली.

मुठीतलं गवत उपटून आलं.

"फुकट कोन चाललं व आवडे?" ती उठून उभी राहिली. "दरसाली पहिल्या तोड्याची वांगी तुह्या दारात कोनं आनली? माह्या लेकराच्या ताटात पडायच्या आंधी तुह्या कढईत पडली ती. लिहा मॅडम. मनकर्णा कोनाच्या मातीतून फुकट चालत नाही."

विकासनं डोळे मिटले. कारकून थांबला. गजेंद्रच्या डोक्यात मात्र आता उजेड पडला होता, तो पुढं झाला. मॅडम, ऐकलं ना, म्हणजे वाटेच्या बदल्यात देत होते, म्हणजे आमच्या परवानगीनंच जात होते. मॅडमनी त्याला हातानं थांबवलं आणि मनकर्णाबाईला विचारलं, की आजी, ही वांगी तुम्ही वाटेसाठी देत होता का?

उत्तर विकासनंच दिलं, घाईघाईनं. वाटेसाठी नाही, वानोळा होता. मळ्यातलं नवं निघालं की शेजाऱ्याकडं आपण पाठवतोच, सगळं गाव पाठवतं, त्याचा वाटेशी काय संबंध. हे बोलणं खोटं नव्हतं, आणि मॅडमनाही ते पटल्यासारखं दिसलं. पण त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, इकडची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलं, की शेजारधर्माचं देणं कोणतं आणि मोबदल्याचं कोणतं हे ओळखायचं कसं. वांगी तर सारखीच.

रामरावांनी खाकरून घसा मोकळा केला. "सोपं हाये मॅडम. वानोळ्याची टोपली कोनी रिकामी परत देत नाही. मूठभर गहू टाकतेत, तूर टाकतेत, काही नसलं तर गुळाचा खडा. आन् जे हक्काचं येनं असते, त्याची टोपली झटकून रिकामी जाते. टोपली कशी जात व्हती ते इचारा."

आजूबाजूच्या चार माणसांनी मान हलवली. यात विचारण्यासारखं काय आहे, असाच त्यांचा चेहरा होता. गजेंद्रला तर रागच आला. पाटलाच्या घरून टोपली रिकामी कशी जाईल, तो म्हणाला, आई टाकतच असणार काहीतरी, आमचं घर काय भिकाऱ्याचं आहे का. आपण काय बोललो हे त्याला कळेस्तोवर विकासनं ते उचललं.

"ऐकलं मॅडम? हे स्वतःच सांगून राह्यले. दाने टाकत होते. वानोळाच होता." आणि मग आईकडं वळून हळूच, "माय, सांग ना. टाकत होते ना दाने?"

आवडाबाई खुर्चीत ताठ बसून मनकर्णाबाईकडं पाहत होती.

मनकर्णाबाईला ते स्वयंपाकघराचं मागचं दार दिसत होतं. ती टोपली कधी कोणाच्या हाती पाठवायची नाही, स्वतः न्यायची. आवडाबाई उंबरठ्याच्या आत उभी राहून टोपली घ्यायची, वांगी परातीत ओतायची, दोनतीन हातात फिरवून म्हणायची, की औंदा बियाची झाली बाई, नाही तर म्हणायची, की किडकी तर नाहीत ना. मग टोपली उलटी करून दारातच झटकायची. मातीचा कण तिच्या अंगणात पडायचा आणि रिकामी टोपली मनकर्णाबाईच्या हातात. पहिल्या वर्षी तिला वाटलं, नवी सून आहे, कळत नसेल. दुसऱ्या वर्षी कळलं, की चांगलं कळतं. तरी ती दर साली घेऊन जायची. नाही नेली असती तर फुकट चालल्यासारखं झालं असतं. घरी आल्यावर टोपली आधी धुऊन घ्यायची, मग चुलीजवळ जायची. इंद्रभानला तिनं यातलं कधी सांगितलं नाही.

आता हो एवढंच म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की आजपासून गाव सांगणार, की आवडाबाईनं एकतीस वर्षं मनकर्णेची टोपली भरून पाठवली. माणसं दुश्मनी करतात, पण रीत सोडत नाहीत, पाटलाचंच घर ते.

"माय," विकास म्हणाला.

"रिकामी," मनकर्णाबाई म्हणाली.

"नीट आठवून सांगा आजी," मॅडम म्हणाल्या.

"आठवा काय लागते त्याले? रिकामी. माह्या समोर झटकून देत व्हती. एकतीस साल झटकली. एक दाना कधी पडला असंल तर माही जीभ झडो."

गजेंद्रनं आईकडं पाहिलं. आपल्याच घरची ही रीत त्याला ठाऊक नव्हती, आणि जिंकल्याचा आनंद मानावा का मान खाली घालावी ते त्याला ठरवता येत नव्हतं. मॅडमनी आवडाबाईला विचारलं.

"बरोबर बोल्ली ते," आवडाबाई म्हणाली. आवाज शांत होता. "खाल्ली आमी तिची वांगी. वाटेची व्हती, म्हनून खाल्ली. वानोळा असता तर टोपली भरून दिली असती, मले काय रीत कळत नाही? हे माह्यापाशी कधी शेजारीन म्हनून आलीच नाही. तोरा घेऊन आली दरसाली. मंग मीबी झटकली."

एकतीस वर्षांत दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं ते एवढंच.

मॅडमनी दोघींचे जबाब वाचून दाखवले. वाचून झाल्यावर मनकर्णाबाईला वेगळं समजावून सांगितलं, की आजी, असं असेल तर ही वाट परवानगीची ठरते, हक्काची राहत नाही, आणि मला निकाल तसाच द्यावा लागेल. धुऱ्यावरून नवा रस्ता मागायचा वेगळा अर्ज करता येतो, पण त्याला वेळ जाईल आणि मिळेलच असं सांगता येत नाही. सही करण्याआधी काही बदलायचं आहे का. मनकर्णाबाईनं कारकुनाच्या हातातून पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि एकेक अक्षर दाबून सही केली. आवडाबाई ते रोवणं पाहत होती. या खेपेला तिनं बाजूच्याला काही सांगितलं नाही.

मॅडमची गाडी रस्त्यावर उभी होती. सगळे वाटेनं फाटकाकडं निघाले, तलाठी, कारकून, काठी टेकत रामराव. गजेंद्र कुलूप हातात घेऊन फाटकाशी जाऊन उभा राहिला. आवडाबाई खुर्चीवरून उठली आणि मागं वळली.

"मनकर्णे, जाय इकूनच. आज कोनी तुले अडवत नाही."

"तुह्या परवानगीनं?"

"हो. माह्या परवानगीनं."

मनकर्णाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. "मंग तुह्या परवानगीनं तूच जाय. तुले खुर्ची न्यायची हाये," ती म्हणाली आणि नाल्याकडं वळली.

वाफे ओलांडून ती उतारावर आली तेव्हा मागून विकासची पावलं आली. नाल्याच्या कडेला येईपर्यंत त्यानं राग धरून ठेवला, मग बोलला, की एक शब्द पाहिजे होता, माय, एक शब्द. तिकडचे स्वतःच देऊन राह्यले होते, तुले फक्त हो म्हणायचं होतं. आता योगिनीनं पाय मोडून घ्यायचा का दुसरा. वावर विकायचं का.

मनकर्णाबाईनं लुगड्याचा ओचा गुडघ्याच्या वर खोचला. पाणी गढूळ होतं आणि कालच्यापेक्षा वाढलेलं.

"जे दाने तिनं कधी टाकले नाहीत," ती म्हणाली, "ते मी तिच्या नावावर कायले टाकू?"

"मग आता करायचं काय?"

ती पाण्यात उतरली. पायानं गोटा चाचपला, तो हलला, दुसरा चाचपला. विकास काठावरच उभा होता. मागं लांब रस्त्यावर मॅडमची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग फाटक लागल्याचा.

"दुसरा अर्ज कर," ती पाठमोरीच म्हणाली. "आन् उद्या भेंडीचा तोडा हाये. इकून यायचं म्हनजे चारले उठा लागंन. योगिनीले नको आनू. तिचा वाटा मी दोन खेपा करून नेते."